ट्रकिंगमध्ये नवीन आहात? ट्रेनिंगसाठी कंपनी निवडताना आधी काय, नंतर काय (अमेरिका)

बहुतेक जण हे काम उलट्या क्रमाने करतात. जाहिरातीत साइन-ऑन बोनसचा (कामावर रुजू झाल्याबद्दलच्या पैशांचा) आकडा दिसतो, फॉर्म भरतात, तासाभरात रिक्रूटरचा फोन येतो, सोमवारी ओरिएंटेशन आहे म्हणतो आणि बसचं तिकीट ईमेलवर येऊन पडतं. मग तिथे पोचल्यावर कळतं की बीपी जास्त आहे, किंवा मागच्या नोकरीच्या तारखा जुळत नाहीत, किंवा ज्या कागदावर सही केली त्यात वर्षभर अडकलोय. परत यायचं तिकीट मात्र आपल्या खिशातून.

पहिली कंपनी आयुष्यभराची नसते, साधारण एक वर्षाची असते. त्या वर्षात हात बसला पाहिजे, रेकॉर्ड स्वच्छ राहिलं पाहिजे आणि बाहेर पडायचा रस्ता मोकळा असला पाहिजे. पगार त्यानंतर बघायचा. खालचा क्रम हे धरूनच लावलाय. "कुठली कंपनी बेस्ट" याचं एका ओळीत उत्तर इथे मिळणार नाही, कारण ते तुम्ही कुठे राहता आणि घरी किती दिवसांनी यायचंय यावर ठरतं.

१. रिक्रूटरशी बोलायच्या आधी स्वतःची फाइल

वय: राज्याच्या आतल्या आत १८ ला सीडीएल (व्यावसायिक ट्रकचं लायसन्स) चालतं, पण एका राज्यातून दुसऱ्यात माल न्यायला २१ पूर्ण लागतात. मोठ्या कंपन्या जवळपास सगळ्या २१ च मागतात.

स्टेटस: सिटिझन किंवा ग्रीन कार्ड असेल तर नेहमीचं सीडीएल मिळतं. वर्क परमिटवर असाल तर सप्टेंबर २०२५ पासून या लायसन्सच्या नियमांवर बरीच उलथापालथ झालीय, त्यामुळे आधी तुमच्या राज्याच्या लायसन्स ऑफिसात स्वतः जाऊन विचारा, रिक्रूटरच्या "हो जाईल" वर काही सोडू नका. आणि एच-१बी वर असाल तर तो व्हिसा ठराविक कंपनीतल्या ठराविक कामाचा असतो, बाजूला ट्रक चालवता येत नाही.

नोकऱ्यांचा इतिहास: फॉर्ममध्ये मागची तीन वर्षं लागतातच, पण सीडीएलच्या नोकरीला बहुतेक ठिकाणी दहा वर्षांचं विचारतात. एकदाच नीट बसून कागदावर लिहून काढा. महिना, वर्ष, कंपनी, फोन, सोडायचं कारण. मध्ये गॅप असेल (भारतात गेलो होतो, घरी होतो, बिझनेस होता) तर पासपोर्टचे शिक्के, टॅक्सचे कागद, जे असेल ते बाजूला काढून ठेवा. आणि प्रत्येक कंपनीला हाच कागद बघून फॉर्म भरा. एकीकडे मार्च, दुसरीकडे जून असं झालं तर खोटं बोलला असं धरतात, चूक झाली असं कोणी धरत नाही.

ड्रायव्हिंग रेकॉर्ड: राज्याकडून स्वतःचं मोटार व्हेइकल रेकॉर्ड काढून बघा. विसरलेलं तिकीट, न भरलेला दंड, सगळं त्यात दिसतं.

मेडिकल: डीओटी (केंद्राचं वाहतूक खातं) फिजिकल, म्हणजे ड्रायव्हरची आरोग्य तपासणी, नोंदणीकृत एक्झामिनरकडेच होते. प्रत्येक डोळ्याला २०/४० दृष्टी लागते, चष्म्यासकट चालते. बीपी १४०/९० च्या खाली असेल तर दोन वर्षांचं सर्टिफिकेट मिळू शकतं, थोडं वर असेल तर एक वर्षाचं किंवा त्याहून कमी. इन्सुलिन घेणाऱ्यांना २०१८ पासून सरसकट बाद करत नाहीत, पण डॉक्टरांचा वेगळा फॉर्म आणि शुगरच्या नोंदी लागतात. घोरत असाल आणि वजन जास्त असेल तर स्लीप ॲप्नियाच्या टेस्टला पाठवू शकतात. हे सगळं घरी असताना आपल्या डॉक्टरकडे निस्तरा.

ड्रग टेस्ट: तुमच्या राज्यात गांजा कायदेशीर असला तरी डीओटीला चालत नाही. सीबीडी तेलही घेऊ नका, "मी फक्त सीबीडी घेतलं होतं" हे कारण मानत नाहीत. काही कंपन्या युरिनबरोबर केसांचीही टेस्ट घेतात, ती साधारण ९० दिवस मागचं दाखवते. आणि नोकरीला लागल्यावर बोलावलं असताना टेस्टला न जाणं म्हणजे नकार, नकार म्हणजे फेल. फेल झालात की क्लिअरिंगहाऊसमध्ये (ड्रग टेस्टच्या केंद्राच्या नोंदवहीत) नोंद होते आणि नोव्हेंबर २०२४ पासून राज्याला तुमचं सीडीएल खाली उतरवून साधं लायसन्स करावंच लागतं.

इंग्रजी: जून २०२५ च्या शेवटापासून रस्त्यावर तपासणीत इंग्रजी बोलता किंवा पाट्या वाचता आल्या नाहीत तर ड्रायव्हरला तिथेच थांबवतात, गाडी पुढे नेऊ देत नाहीत. आपल्याकडच्या बऱ्याच जणांचं इंग्रजी चांगलं असतं पण हायवेवरच्या अधिकाऱ्याचा उच्चार आणि भराभर बोलणं वेगळंच, त्याची सवय करा. कुठून निघालात, कुठे चाललात, ट्रेलरमध्ये काय आहे, लॉगबुक दाखवा, एवढं न अडखळता यायला हवं.

> चेक: वरचं सगळं एका फोल्डरमध्ये आहे का? नसेल तर अजून कुठेही फॉर्म भरू नका. भरलात की फोन सुरू होतात आणि मग डोकं शांत राहत नाही.

२. परमिट आणि शिकायचा मार्ग

राज्याचं सीडीएल मॅन्युअल फुकट मिळतं. जनरल नॉलेज, एअर ब्रेक आणि कॉम्बिनेशन (ट्रकला जोडलेला ट्रेलर) हे तीन भाग वाचून लेखी परीक्षा द्या. परमिट (शिकाऊ सीडीएल) मिळाल्यावर किमान १४ दिवस गेल्याशिवाय गाडीची परीक्षा देता येत नाही, म्हणून "दहा दिवसात सीडीएल" असं कोणी सांगत असेल तर परमिट आधीपासून हातात असणाऱ्यांबद्दल बोलतोय असं समजा. परमिट घरच्या राज्यात काढून यायचं की त्यांच्याकडे आल्यावर, हे कंपनीनुसार बदलतं, त्यामुळे ते आधी विचारून घ्या.

७ फेब्रुवारी २०२२ पासून नवीन ड्रायव्हरला सरकारी यादीतल्या ट्रेनिंग देणाऱ्याकडूनच शिकावं लागतं. ही यादी एफएमसीएसएच्या (ट्रकवर देखरेख करणारं केंद्राचं खातं) ट्रेनिंग प्रोव्हायडर रजिस्ट्रीवर आहे. शाळेचं नाव तिथे नसेल तर तिथलं शिक्षण परीक्षेला धरत नाहीत. थिअरीत ८० टक्के लागतात. पण गाडी किती तास चालवायला द्यायची याचा आकडा केंद्राच्या नियमात नाहीये, "येईपर्यंत शिकवा" एवढंच आहे, आणि इथेच शाळाशाळांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

मार्ग तीन. एक, कंपनीची स्वतःची शाळा, फी नाही पण करार. दोन, खासगी शाळा किंवा कम्युनिटी कॉलेज, फी तुमची पण करार नाही. तीन, बाहेर शिकायचं आणि नंतर कंपनी दर महिन्याला थोडी थोडी फी परत देते.

माझं मत स्पष्ट आहे, पैशांची सोय होत असेल तर कम्युनिटी कॉलेज. अमेरिकन जॉब सेंटरमध्ये जाऊन विओआ ग्रँटची (केंद्राची नोकरी-प्रशिक्षण मदत) चौकशी करा, नोकरी गेलेल्यांना आणि कमी उत्पन्नवाल्यांना सीडीएलच्या फीसाठी तो पैसा मिळू शकतो. त्याला वेळ लागतो, कागद लागतात, म्हणून लोक टाळतात आणि थेट करारावर सही करतात.

अजून एक गोष्ट कोणी सांगत नाही. ऑटोमॅटिक ट्रकवर परीक्षा दिलीत तर लायसन्सवर ई निर्बंध येतो, म्हणजे मॅन्युअल गिअरचा व्यावसायिक ट्रक चालवता येत नाही. मोठ्या कंपन्यांच्या गाड्या आता ऑटोमॅटिकच असल्याने पहिल्या वर्षी काही अडत नाही, पण पुढे छोट्या कंपनीत किंवा डंप ट्रककडे जायचं असेल तर आत्ताच विचार करा.

३. माल कुठला, घर किती दिवसांनी

ड्राय व्हॅन सगळ्यात सोपं, बंद डबा, बहुतेक वेळा दार उघडून डॉकला (गोदामाच्या धक्क्याला) लावलं की झालं. रीफर म्हणजे थंड माल, रात्रीच्या वेळा आणि गोदामांत तासन्‌तास थांबणं. फ्लॅटबेडला साखळ्या, पट्टे, ताडपत्री, म्हणजे अंगमेहनत आणि पाऊस. टँकरमध्ये आतलं द्रव हलतं, ब्रेक मारल्यावरही ट्रकला पुढे ढकलतं, नवशिक्याने जपून.

नवीन माणसाला मी ड्राय व्हॅन किंवा रीफरच सांगेन. फ्लॅटबेड वाईट नाही, पण एकाच वेळी बॅकिंग आणि माल बांधणं दोन्ही शिकायला लागतं.

घरी यायचं म्हणाल तर ओटीआरमध्ये (देशभर लांब पल्ल्याचं काम) जुना हिशोब असा की बाहेर काढलेल्या प्रत्येक आठवड्यामागे घरी एक दिवस. म्हणजे तीन-चार आठवडे बाहेर, तीन-चार दिवस घरी. रीजनल (ठराविक भागातलं) आणि डेडिकेटेडमध्ये (एकाच ग्राहकाचं काम) आठवड्याला येता येतं, पण ते नवीन माणसाला मिळेलच असं नाही, तुमचा पत्ता त्यांच्या रूटवर आहे का यावर ते ठरतं. म्हणून नकाशा काढा आणि बघा की घराच्या आसपास त्यांचं टर्मिनल आहे का. नसेल तर "होम टाइम" मधला अर्धा दिवस रिकामा ट्रक घराकडे आणण्यातच जातो, शिवाय तो ट्रक घराजवळ पार्क कुठे करणार हा वेगळाच ताप.

४. तीन-चार नावं काढा आणि तपासा

जास्त नको, तीन-चार पुरे. एफएमसीएसएच्या सेफर साइटवर कंपनीचं नाव किंवा ट्रकच्या दारावरचा यूएसडीओटी नंबर टाकला की कंपनी स्नॅपशॉट फुकट दिसतो. किती ट्रक, किती ड्रायव्हर, किती तपासण्या, त्यात किती वेळा गाडी किंवा ड्रायव्हर आउट ऑफ सर्व्हिस काढला (जागेवरच थांबवला), आणि शेजारीच देशाची सरासरी. सरासरीपेक्षा गाड्यांचा आकडा बराच वर असेल तर मेंटेनन्सला हात आखडता घेतात असं समजा.

> इथे चुकू नका: मोठ्या कंपनीच्या नावापुढे अपघातांचा आकडा मोठाच दिसणार, हजारो ट्रक आहेत त्यांचे. तो ट्रकच्या संख्येशी ताडून बघा. आणि त्या यादीत अपघात कोणाच्या चुकीने झाला ते लिहिलेलं नसतं.

मग ट्रक स्टॉपवर जा. खरंच जा, एक रविवार काढा. त्या कंपनीचा ट्रक दिसला आणि दोन माणसं उतरली की त्यातला एक बहुतेक शिकाऊ असतो. त्याला एकट्याला गाठून तीन गोष्टी विचारा. तुला गाडी दिवसा मिळते की रात्री? बॅकिंग तू करतोस की वेळ नाही म्हणून ट्रेनर करतो? आणि मागच्या आठवड्यात हातात किती आले? तो कसा उत्तर देतो, इकडे तिकडे बघतो का, यावरूनही बरंच कळतं.

ऑनलाइन तक्रारी वाचा पण जपून. सोडून गेलेला माणूसच जास्त लिहितो. एकच तक्रार दहा वेगवेगळ्या लोकांनी केली असेल, समजा घरी वेळेवर सोडत नाहीत, तर ती खरी धरा.

५. रिक्रूटरचा फोन: वही घेऊन बसा

रिक्रूटर बहुतेक वेळा भला माणूस असतो, पण त्याचं काम ओरिएंटेशनची खुर्ची भरणं आहे. तो जे बोलतो त्याला "कृपया ईमेलवर पाठवा" एवढंच म्हणायचं. पाठवलं तर ठीक, नाही पाठवलं तर ते बोलणं विसरून जायचं. विचारायचं काय ते खाली.

ओरिएंटेशनचे पैसे किती, हॉटेलची खोली एकट्याची की दोघांत? ट्रेनरबरोबर किती आठवडे किंवा किती तास, आणि त्या काळात पगार आठवड्याला ठरलेला की मैलावर?

ट्रेनरला स्वतःला किती अनुभव हवा हा तुमचा नियम? हा प्रश्न फार थोडे लोक विचारतात. काही ठिकाणी सहा महिने चालवलेला माणूस ट्रेनर असतो. त्याने एक हिवाळासुद्धा पूर्ण काढलेला नसतो, तो तुम्हाला बर्फात काय शिकवणार. एक वर्ष तरी हवंच.

ट्रेनिंग टीम पद्धतीने चालतं का? म्हणजे तुम्ही चालवताना ट्रेनर मागे झोपतो आणि गाडी दिवसरात्र पळते. एका ड्रायव्हरला दिवसात ११ तासच चालवता येतं, दोघं असले की ट्रक जवळपास २२ तास चालतो, म्हणून कंपनीला ही पद्धत आवडते. सुरुवातीचे काही आठवडे ट्रेनर शेजारच्या सीटवर जागा असला पाहिजे, नंतर टीम ठीक आहे. सीडीएल हातात येण्याआधी परमिटवर चालवत असाल तर तो पुढेच बसलेला हवा, हा नियमच आहे.

मैल कुठले मोजता, प्रॅक्टिकल (प्रत्यक्ष रस्त्याचे) की हाउसहोल्ड गुड्सचे? दुसरे "छोटे मैल", प्रत्यक्ष चाललेल्यापेक्षा ते कमी भरतात. समजा तुम्ही आठवड्यात २,२०० मैल चालवले, ५५ सेंट दराने १,२१० डॉलर झाले. तेच १० टक्के कमी मोजले तर १२१ डॉलर गेले, दर आठवड्याला. म्हणून ६० सेंटची जाहिरात ५५ पेक्षा भारी असेलच असं नाही.

डॉकवर थांबवलं तर डिटेन्शन (थांबल्याचे पैसे) कितव्या तासापासून? गाडी बंद पडली तर ब्रेकडाउनचे पैसे मिळतात का? सोलो (ट्रेनरशिवाय एकटे) झाल्यावर नवीन ड्रायव्हरचे मागच्या महिन्यातले सरासरी मैल किती? इथे "तुमच्यावर आहे, मेहनत कराल तेवढं" असं उत्तर आलं तर आकडा चांगला नाहीये.

पे डब्ल्यू-२ वर (पगारी नोकर) की १०९९ वर (स्वतंत्र कंत्राटदार)? शिकाऊ माणसाला १०९९ वर ठेवणारी कंपनी असेल तर फोन ठेवा. टॅक्स, विमा सगळं तुमच्या गळ्यात.

आणि लीज-पर्चेस, म्हणजे कंपनीकडून ट्रक भाड्याने घेऊन हप्त्यांनी विकत घ्यायची योजना. "तुमचा स्वतःचा ट्रक, स्वतःचा धंदा" हे ट्रेनिंगमध्येच कानावर घालायला सुरुवात करतात. आठवड्याचा हप्ता, डिझेल, दुरुस्ती सगळं तुमचं आणि लोड मात्र त्यांच्याच हातात. जानेवारी २०२५ मध्ये एफएमसीएसएच्या ट्रक लीजिंग टास्क फोर्सने अशा योजनांवर बंदी घाला असंच काँग्रेसला सुचवलं. पहिल्या वर्षी याला सरळ नाही. कंपनीच्या ट्रकवर शिका.

६. करार: सही करण्याआधी

करार ओरिएंटेशनच्या पहिल्या दिवशी, इतर वीस कागदांच्या गठ्ठ्यात समोर येतो आणि मागे रांग असते. म्हणून तो घरी असताना पीडीएफमध्ये मागवा. देत नसतील तर नाव यादीतून काढा.

वाचताना या जागा शोधा. फीचा आकडा किती लिहिलाय, कारण "फ्री ट्रेनिंग" चा आकडा करारात काही हजार डॉलर असतो. तो महिन्यागणिक कमी होतो का, की अकरा महिने पूर्ण करून सोडलं तरी सगळाच भरायचा? समजा ६,००० लिहिलेत आणि मुदत १२ महिने, तर दर महिन्याला ५०० उतरायला पाहिजेत, आठ महिन्यांनी सोडलं तर २,००० उरायला पाहिजेत. तसं शब्दांत लिहिलेलं हवं. वर्ष कधीपासून मोजतात, शाळेच्या पहिल्या दिवसापासून की सोलो ट्रक मिळाल्यावर? यात दोन-तीन महिने सहज जातात. कंपनीने काढलं तरी पैसे भरायचे का? आजारी पडून फिजिकल गेली तर? उरलेल्या पैशावर व्याज किती, आणि शेवटच्या पगारातून कापायची परवानगी तुम्ही सहीने देताय का?

परीक्षेत नापास झालात तर किती वेळा परत देऊ देतात, आणि शेवटी घरी पाठवलं तर फी लागते का, हेही त्यातच असतं.

> साइन-ऑन बोनस बहुतेक वेळा हप्त्यांत आणि महिने भरल्यावर मिळतो. तो पगार म्हणून हिशोबात धरू नका.

७. ओरिएंटेशन आणि ट्रेनरचा ट्रक

नेताना मूळ कागद न्या, झेरॉक्स नव्हे: लायसन्स, परमिट, सोशल सिक्युरिटी कार्ड, ग्रीन कार्ड किंवा पासपोर्ट, मेडिकल सर्टिफिकेट, औषधांची डॉक्टरच्या सहीची यादी. दोन-तीन आठवडे पगार हातात येणार नाही असं धरून पैसे ठेवा, घरचा हप्ता किंवा भाडं आधी भरून निघा. सामान एका मऊ बॅगेत, कडक सूटकेस ट्रकमध्ये कुठेच बसत नाही.

ट्रेनर ठरल्यावर ट्रकमध्ये चढायच्या आधी त्याच्याशी बोला. सिगारेट ओढतो का, कुत्रा आहे का, कुठल्या भागात चालवतो, आधीचे किती शिकाऊ पास झाले.

पहिल्या आठवड्यात बघायचं ते असं. रोज सकाळी प्री-ट्रिप (निघण्याआधीची तपासणी) तो तुमच्याकडून करून घेतो का, टायर, दिवे, ब्रेकच्या होज, फिफ्थ व्हीलचा (ट्रेलर जोडायची तबकडी) लॉक, हात लावून आणि नाव घेऊन? ट्रेलर जोडल्यावर खाली वाकून टॉर्चने जॉ (पकड) किंगपिनभोवती (ट्रेलरच्या खालची खीळ) बंद झालाय का ते दाखवतो का, मग हळूच पुढे ओढून बघायला लावतो का? बॅकिंगला "थांब, मी लावतो" म्हणत सीट घेणारा ट्रेनर तुमचं नुकसान करतोय. नवीन ड्रायव्हरचे बरेचसे छोटे अपघात पार्किंगमध्ये रिव्हर्स घेतानाच होतात, दुसऱ्याचा आरसा, बोनेट, खांब, आणि तेही रेकॉर्डवर चढतात. "गोल" (GOAL, Get Out And Look) ही सवय इथेच लावा, उतरा आणि बघा, पाच वेळा उतरायला लागलं तरी.

तास संपले असताना चालव म्हणाला किंवा लॉगमध्ये काहीतरी कर म्हणाला तर नाही म्हणा आणि डिस्पॅचला (लोड वाटणाऱ्या विभागाला) लेखी मेसेज करा. लॉग तुमच्या नावाचा आहे, दंड तुम्हालाच. ट्रेनर बदलून मागायला लाजू नका, शिव्या, दारू, झोपेत चालवणं किंवा अंगचटीला येणं असेल तर त्याच दिवशी मागा. कंपनीचा ट्रेनिंग विभागाचा नंबर फोनमध्ये आधीच सेव्ह हवा.

८. सोडायची वेळ आली तर

रागाने ट्रक रस्त्यात किंवा ट्रक स्टॉपवर सोडून घरी निघून जाऊ नका. ते "अबॅन्डनमेंट" (ट्रक सोडून जाणं) म्हणून डॅक रिपोर्टमध्ये (ड्रायव्हरच्या आधीच्या नोकऱ्यांचा रिपोर्ट) जातं आणि पुढच्या कंपन्या तो रिपोर्ट बघतात. कितीही वैताग असला तरी ट्रक टर्मिनलवर नेऊन द्या, आतून झाडून स्वच्छ करा, आतले-बाहेरचे फोटो आणि मैलांच्या आकड्याचा फोटो काढा, चावी कोणाला दिली त्याचं नाव आणि वेळ ईमेलने स्वतःलाही पाठवा. लेखी नोटीस द्या.

दोन-तीन महिन्यांनी स्वतःचा डॅक रिपोर्ट मागवा, वर्षातून एकदा फुकट मिळतो. पीएसपी रिपोर्टही (एफएमसीएसएच्या नोंदींचा) काढा, १० डॉलर लागतात, त्यात पाच वर्षांचे अपघात आणि तीन वर्षांच्या तपासण्या दिसतात. डॅकमध्ये चुकीचं काही लिहिलं असेल तर लेखी हरकत घ्या, फोटो आणि ईमेल जोडा. रिपोर्ट ठेवणाऱ्या कंपनीला साधारण ३० दिवसांत ते तपासावं लागतं, आणि माजी कंपनी त्याला पुरावा देऊ शकली नाही तर ती नोंद काढून टाकावी लागते.